वसीयत फक्त घरा-शेताचीच?

आमच्या अब्बांना मध्यरात्री नगरहून पुण्याला हलवले. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण तोंडात अजून नगरच येते.) सुपे गेले, शिरूर गेले, आणि त्या सव्वाशे किलोमीटरच्या वाटेत आम्ही भावंडे एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. दवाखान्यात पोहोचताच कागद पुढे आला : व्हेंटिलेटर लावायचा, सही करा. भाईजान म्हणाले, "नाही म्हटले तर लोक काय म्हणतील?" आपा म्हणाली, "अब्बांना घरी जायचे होते." अब्बांना खरोखर काय हवे होते, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

तसे अब्बा हिशेबाचे पक्के. वारसांचे हिस्से शरीयतने ठरवलेले असतात आणि वसीयत एक तृतीयांशापलीकडे करता येत नाही, हे त्यांनी आम्हाला लहानपणीच शिकवले होते. कुणाचे किती देणे आहे, तेही वहीत लिहिलेले होते. स्वतःच्या शेवटच्या आजारपणाविषयी मात्र वहीत एक ओळ नव्हती. अकरा दिवस ते यंत्रावर होते. त्या सहीचा विषय निघाला की भाईजान आजही उठून बाहेर जातात.

रुग्णाच्या वतीने बोलायचे कुणी, हा प्रश्न आपल्याच राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 च्या हल्ल्यानंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे 2015 पर्यंत, तिथेच पडून होत्या. उपचार थांबवावेत असा अर्ज एका लेखिकेने केला. इतकी वर्षे ज्यांनी खिदमत केली, त्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा त्याला विरोध होता. 2011 मध्ये न्यायालयाने कर्मचाऱ्यांचा शब्द मानला. अरुणाताईंची स्वतःची इच्छा विचारण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती.

2018 च्या निकालाने ही इच्छा आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली आणि 2023 मध्ये तिची रीत सोपी झाली. शुद्धीत असलेल्या कोणत्याही सज्ञान व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करायची, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचे, आपल्या वतीने कोण बोलेल त्यांची नावे त्यात लिहायची. हा कागद केव्हाही बदलता येतो. रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल आणि बरे होण्याची आशा नसेल, तेव्हाच तो वाचला जातो. त्यानंतरही डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते.

"पण हे इस्लाममध्ये चालते का?" हा प्रश्न आमच्या चाचांनी लगेच विचारला. जीव अल्लाहची अमानत आहे. सुई टोचून तो संपवणे हराम, आणि आपल्या कायद्यातही तो गुन्हाच. मात्र आशा संपल्यावर केवळ यंत्राने श्वास ओढत ठेवणे बंधनकारक नाही, असे अनेक उलेमांचे मत आहे. अन्नपाणी, वेदना कमी करणारे औषध आणि अंगाची स्वच्छता मात्र सुटत नाही. आपल्या घरची गोष्ट मुफ्तीसाहेबांपुढे मांडून विचारलेली बरी.

बोलायचे कधी? दवाखान्याच्या दारात तर नक्कीच नाही. आम्ही गेल्या ईदच्या दुसऱ्या दिवशी, चहा घेता घेता अम्मीला विचारले. भाईजानांनी मान खाली घातली. अम्मीने ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "मला पुण्याला नेऊ नका. नगरमध्ये जे होईल ते करा. दुखू देऊ नका, आणि आपाला उशाशी बसवा." मग लगेच तांब्याची मोठी डेग कोणत्या सुनेला द्यायची, यावर ती अर्धा तास बोलली. आपाने दोन्ही गोष्टी अब्बांच्याच वहीत लिहून घेतल्या. नोटरीकडे जायचे अजून बाकी आहे.