दोन इंचांचा फरक

संपादकांनी दिलेलं काम साधं होतं. पिंपरी-चिंचवडचं आरटीओ मोशीत आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते म्हणतात, ते प्रकरण काय आहे बघून ये आणि हजारभर शब्द लिही. मी गेलो, नियम वाचला, झेरॉक्सवाल्याकडून चार गोष्टी ऐकल्या. लेख तिथंच आटोपला असता. पण त्याच झेरॉक्सवाल्यानं एका शेडचा पत्ता दिला. देहू-आळंदी रस्त्याकडं जाताना टेम्पोंच्या रांगेमागं ती शेड आहे आणि आत ‘एक लई जुनी इंग्लिश गाडी’ आहे, असं तो म्हणाला.

गाडी इंग्लिश नव्हती. ती १९५४ची डॉज किंग्जवे होती. राखाडी रंग, म्हशीसारखी रुंद पाठ, पुढं क्रोमचा आडवा जबडा. शेडच्या भिंतीवर एकाच खिळ्याला तांब्याची दोन हेड गॅस्केटं टांगलेली होती, एक दुसरीपेक्षा आखूड. आखूड होती ती मालकानं अमेरिकेतून मागवलेली, गाडीचं नाव आणि साल अचूक सांगून. ती बसेना. तिथून सगळ्या शंकांना सुरुवात झाली.

शेडचे मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूमला फिटर म्हणून उभी हयात काढली, निवृत्तीनंतर हा उद्योग. ते गाडीबद्दल बोलत नाहीत, मापांबद्दल बोलतात. “काका, ही गाडी ओरिजिनल आहे का?” असं मी विचारलं, तर म्हणाले, “कुठलं ओरिजिनल? अमेरिकेचं का कुर्ल्याचं?”

हा प्रश्न वाटतो तेवढा तिरकस नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या गाड्या सुट्या भागांतून जोडल्या जाऊ लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि फार्गोचे ट्रक. जनरल मोटर्स १९२८पासून शिवडीला हेच काम करत होती. मग सरकारनं धोरण बदललं. इथं गाडी बनवण्याचा कार्यक्रम नसेल तर नुसती जोडणी चालणार नाही, असं ठरलं आणि १९५४ साली जनरल मोटर्सनं गाशा गुंडाळला. प्रीमिअर टिकली आणि फियाटकडं वळली. पुढची पद्मिनीची कथा सगळ्यांना पाठ आहे. प्रीमिअरची शेवटची गाडी रिओ मात्र कुर्ल्याला नाही, इथं चिंचवडला जोडली जायची, हे शेजारच्या मोशीतही कितीजणांना आठवत असेल, देव जाणे.

तर किंग्जवे. ही डॉज मुळात डॉजच नाही. निर्यातीसाठी क्रायस्लरनं काढलेली ती युक्ती होती. अंगपिंड प्लिमथचा, चाकांतलं अंतर प्लिमथचं ११४ इंच, नाव आणि बिल्ले डॉजचे. तीच गाडी डिसोटो डिप्लोमॅट म्हणूनही विकली जायची. एक लेक, तीन आडनावं. आज कुणी अमेरिकेतलं डॉजचं पुस्तक घेऊन या गाडीपुढं उभा राहिला, तर तो पहिल्या पाच मिनिटांत तिला खोटी ठरवील. जाळी प्लिमथसारखी, दारं प्लिमथची, बिल्ला डॉजचा, स्टिअरिंग उजवीकडं. आणि यातलं एकही कुणी नंतर बदललेलं नसेल.

अमेरिकेत या बाबतीत चैन आहे. १९६४च्या पाँटिअॅक जीटीओपासून पुढं ज्या दांडग्या गाड्यांना तिकडं ‘मसल कार’ म्हणतात, त्यांचा हौशी मालक विचित्र भाग दिसला की कागद शोधतो. क्रायस्लरच्या त्या गाड्यांत इंजिनाच्या खणात पत्र्याची एक छोटी पट्टी असते, तिच्यावर कारखान्यात काय-काय बसवलं त्याची सांकेतिक अक्षरं. शिवाय जोडणीच्या वेळचा छापील कागद कधीकधी सीटच्या स्प्रिंगांमध्ये अडकलेला सापडतो. पट्टी वाचायची, कागद लावायचा, वाद मिटला. कुर्ल्याच्या गाडीची सीट उसवली तर काथ्या निघतो. म्हणून मिस्त्री लोखंडालाच साक्षीला बोलावतात.

पहिली साक्ष बॅटरीची. १९५५पर्यंत क्रायस्लरच्या गाड्या सहा व्होल्टच्या आणि त्यातही बॅटरीचं अधिक टोक चॅसीला जोडलेलं. १९५६ला बारा व्होल्ट आले आणि टोकं उलटली. या गाडीत बारा व्होल्ट आहेत, म्हणजे वायरिंग नंतरचं. ते सोडून द्या, ते सगळ्यांनीच बदललं. दुसरी साक्ष चाकांची. त्या काळच्या क्रायस्लरच्या डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. ठाऊक नसलेला पंक्चरवाला जोर लावतो आणि बोल्ट मोडतो. दुसऱ्या कुठल्या गाडीचा अॅक्सल बसवला असता, तर आटे सरळ निघाले असते. इथं दोन्ही डावी चाकं उलट्या आट्यांची. मिस्त्री त्या बोल्टांवर हात ठेवून म्हणाले, “हे बरं लक्षण हाय.”

मग इंजिन. मी खरं म्हणजे इथंच अडकलो आणि दोनदा परत गेलो.

क्रायस्लरचं ते सहा सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन. व्हॉल्व्ह पिस्टनच्या शेजारी ब्लॉकमध्येच, वरचं हेड म्हणजे बिडाचं नुसतं झाकण. दिसायला एखाद्या पेटीसारखं शांत. पण त्याच्या दोन जाती आहेत. अमेरिकेतल्या प्लिमथ आणि डॉजच्या गाड्यांना तेवीस इंची हेड, डिसोटो-क्रायस्लरला पंचवीस. कॅनडात विंडसरच्या कारखान्यात मात्र सगळ्यांनाच पंचवीस. बाहेरून रंग एक, आवाज एक, फरक दोन इंचांचा. या गाडीच्या हेडला मिस्त्रींनी स्टीलपट्टी लावली, तर पंचवीस.

म्हणजे इंजिन बदललंय? मालकाचा चेहरा पडला. मिस्त्री म्हणाले, “थांबा, अजून पोटात बघितलं नाय.”

पोटात बघायची वाट या इंजिनाला कारखान्यानंच ठेवली आहे. शेवटच्या, सहाव्या सिलिंडरच्या वर हेडमध्ये एक छोटा आट्यांचा प्लग असतो. पिस्टन अगदी वर कधी येतो ते कळावं, टायमिंग लावता यावं, एवढ्याचसाठी. मिस्त्रींनी तो प्लग काढला आणि सरळ केलेली एक जाड तार आत सोडली, पिस्टनच्या डोक्यावर टेकेपर्यंत. मालकाला सांगितलं, हँडल मारा, सावकाश. तार वर आली, थांबली. खूण केली. तार खाली गेली, थांबली. दुसरी खूण. मग व्हर्निअर. इतका वेळ शेडमध्ये कुणी बोललं नाही. नाशिक हायवेचा गोंगाट तेवढा येत होता.

एकशेतीन मिलिमीटर आणि किंचित वर.

हा आकडा बोलका आहे. अमेरिकन प्लिमथच्या २१८ घनइंचाच्या इंजिनाचा स्ट्रोक १११ मिलिमीटर. प्लिमथला १९५४मध्ये मिळालेल्या २३०चा एकशे साडेसतरा. डिसोटोचा १०८ किंवा ११४. एकशेतीनवर बसतं ते कॅनडाचं २१८. गंमत बघा, घनफळ अमेरिकनइतकंच. त्यांनी बोअर सव्वातीनवरून तीन पूर्णांक तीन अष्टमांश इंच केला, स्ट्रोक आखूड केला आणि आकडा पुन्हा २१८वर आणला. आरसी बुकात नुसतं घनफळ बघणाऱ्याला दोन्ही सारखीच. तार मात्र फसत नाही.

एखाद्या शास्त्रज्ञानं प्रयोग दाखवावा तसं वाटून मी भारावलो होतो. मिस्त्री अजिबात नव्हते. “एवढ्यानं काय होतंय? कॅनडाचं इंजिन गाडीतनं पण आलं असंल आन् फार्गोतनं पण.” ट्रकनाही हीच लांब जात बसवत. त्याचा निकाल लागायचा तर इंजिनाचा नंबर वाचायला हवा. ट्रकच्या नंबराच्या आधी टी असतो. नंबर ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला, डायनॅमोच्या वर एका सपाट जागी पंच केलेला. त्या जागेवर चार थर रंग होता. मिस्त्रींनी घासकाम केलं नाही. पॉलिश पेपरची एक रेघ उमटली तरी उद्या नंबर घासून काढलाय असा संशय यायचा. त्यांनी रंग विरघळवणारं औषध लावलं, फडक्यानं टिपलं, पुन्हा लावलं. दुपार गेली. आकडे आले, स्पष्ट आले. अक्षर जिथं असायचं तिथं गंजाचा खड्डा.

राहिलं आरसी बुक. ते मूळ नाही, १९७१ साली काढलेली डुप्लिकेट प्रत आहे. शाईनं लिहिलेली. कारकुनानं इंजिन नंबरात अक्षर गाळून फक्त आकडे लिहिलेत. आकडे जुळतात. म्हणजे १९७१ साली हे इंजिन याच गाडीत होतं, एवढं सिद्ध. १९५४ साली होतं का, हे लोखंडही सांगेना आणि कागदही.

आता नियमाकडं या. जुलै २०२१मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पन्नास वर्षांवरची दुचाकी वा चारचाकी, मूळ रूपात जपलेली. चॅसी, सांगाडा किंवा इंजिन यांत फेरफार केलेला नको. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार, मुदत दहा वर्षं. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक अभ्यासाला न्यायची, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची, रोज फिरवायची नाही. राज्यानं नेमलेली समिती पाहणी करते. नियम वाईट नाही. उलट इतक्या वर्षांनी या गाड्यांना भंगाराहून वेगळी जात दिली, हे मोठंच. पण ‘मूळ रूप’ हे दोन शब्द लिहिणाऱ्याच्या मनात कारखान्यातून एकदाच बाहेर पडलेली, नंतर कापडाखाली झाकून ठेवलेली गाडी असावी. आपल्याकडं अशा गाड्या संस्थानिकांच्या. बाकीच्यांनी आयातबंदीची दोन-तीन दशकं काढली ती लेथवर घडवलेल्या बुशांवर आणि दुसऱ्या गाडीच्या भागांवर. कित्येक डॉजगाड्यांच्या पोटात डिझेल इंजिनं गेली, कारण पेट्रोल परवडेना. १९७१पर्यंत या गाडीत फार्गोचं इंजिन आलं असेल, तर त्या बदलालाच पन्नास वर्षं उलटून गेली. त्याला फेरफार म्हणायचं का? माझं मत म्हणाल तर म्हणू नये. पण समितीत मी नाही.

आणि समितीच्या आधीची अडचण हेडची आहे. इंजिन तापलं की दोन सिलिंडरांच्या मधे बारीक चिरेतून पाणी पाझरतं. बिडाचं वेल्डिंग करता येतं, पण मिस्त्रींना भरवसा नाही. असल्या वेळी ते कुदळवाडीला जायचे. चिखलीशेजारच्या त्या भंगारपेठेत कुणाच्या गोदामात काय पडलंय, याचा नकाशा त्यांच्या डोक्यात होता. फार्गोचं एक लांब हेड त्यांनी तिथं २०२४च्या पावसाळ्यात पाहिलंही होतं. मालक म्हणाले, भाव जरा उतरू दे. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेनं कुदळवाडीची अतिक्रमणं जमीनदोस्त केली. गोदामांपाठोपाठ माल पांगला, कुणी खेडकडं, कुणी कुठं. बेकायदा बांधकामं होती, आगी लागत होत्या, नदी नासत होती, हे सगळं खरं. पण मिस्त्रींचा नकाशा त्या आठवड्यात पुसला गेला.

परवा फोन केला तर हेड अजून मिळालेलं नाही. चाकणच्या एका भंगारवाल्यानं फोटो पाठवलाय म्हणाले. फोटोवरून माप कळत नाही, म्हणून त्यांनी त्याला हेडशेजारी पट्टी ठेवून पुन्हा काढायला सांगितलंय.