लुंडचे पत्र : दात दुखण्याआधीचे बोलावणे

लुंड (स्वीडन) : इथे लेकराच्या दातांच्या तपासणीचे पत्र दवाखान्याकडूनच घरी येते, तेही तारीख आणि वेळ घालून. १९३८ साली सुरू झालेल्या सार्वजनिक दंतसेवेचा हा नेम आहे. मुलांना पैसे पडत नाहीत. ही सोय वयाच्या २३व्या वर्षापर्यंत होती, २०२५पासून ती १९पर्यंत आणली. कीड लागण्याचा धोका जास्त असेल तर पुढचे बोलावणे लवकर येते, दात चांगले असतील तर दीड-दोन वर्षांनी. दहा वर्षांपर्यंत तरी आईबापांनीच ब्रश करून द्यावा, असे इथले डॉक्टर आवर्जून सांगतात.

या शहाणपणाची किंमत याच गावात कोणीतरी मोजली आहे. १९४०च्या दशकात लुंडच्या विपेहोल्म संस्थेतल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना दात किडतात कसे हे पाहण्यासाठी मुद्दाम चिकट टॉफ्या चारल्या गेल्या, काहींना दिवसाला २४. त्यांची संमती कोणी घेतली नाही. १९५४मध्ये निष्कर्ष छापून आले : जेवणासोबत खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये पुन्हापुन्हा खाल्लेले चिकट गोड दातांचा जास्त घात करते. त्यातूनच इथे मुलांना खाऊ शनिवारीच द्यायची रीत पडली. त्या रुग्णांना विसरून हे ज्ञान वापरणे मला अन्यायाचे वाटते.

माझे घर नागपुरातल्या कळमन्याचे. संत्रा-मिरचीचे ट्रक लागले की आईबाप पहाटेच मार्केटात जातात आणि लेकराच्या हाती बिस्किटांचा पुडा राहतो. तो दिवसभर एकेक करून संपतो. तीच बिस्किटे जेवणाबरोबर एकदाच दिली, तर नुकसान बरेच कमी होईल. शिवाय ‘दुधाचेच दात, पडणारच’ असे म्हणताना सहाव्या वर्षीची दाढ नजरेतून सुटते. कुठलाही दात न पडता ती दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते आणि जन्मभर तीच असते.

आपल्याकडे काहीच नाही असे नाही. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या (‘मेडिकल’च्या) आवारात १९६८पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचे असते, आणि त्याने दातही पाहायचे असतात. अडते ते त्यापुढे. कीड दिसली, चिठ्ठी मिळाली, तरी रोजी बुडवून मेडिकलला कधी जायचे हे घरच्यांवरच राहते. त्या चिठ्ठीवरच तारीख आणि वेळ लिहून द्या, आणि मूल आले नाही तर पुन्हा निरोप धाडा, एवढी मागणी कळमन्याच्या पालकांनी शाळेमार्फत लावून धरावी.

फ्लोराइडच्या बाबतीत मात्र स्वीडनची नक्कल नको. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे, त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात. ते घासून जात नाहीत, लेकराला त्यासाठी रागावू नये. तिकडून आलेल्यांनी गावच्या बोअरचे पाणी तपासून घ्यावे. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढीच, पुढे वाटाण्याएवढी लावावी, आणि ब्रश झाल्यावर ती थुंकायला शिकवावे.