लक्ष्मीबाई टिळकांचा प्रपंच

मराठी रसिकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या भाषेचे व विनोदाचे कौतुक इतके केले आहे की, तो ग्रंथ लिहिणाऱ्या बाईने उभा जन्म परक्यांची पोरे आणि दुखणाईत माणसे सांभाळण्यात वेचला, या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेच नाही, असे मला वाटते.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपुरी गोखल्यांच्या घरी झाला. सत्तावनच्या धामधुमीत त्यांच्या वडिलांचे सासरे फाशी गेले, त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे असे वेड लागले की, बाजारातून आलेले धान्य, कापड, मसाल्याचे जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाचे नाहीत. आणि ही धुण्याची सक्तमजुरी निमूटपणे करता करता त्यांच्या आईचा जीव मेटाकुटीस येई. अशा घरात वाढलेल्या मुलीचा पती, नारायण वामन टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाला, तेव्हा तिच्यावर कोसळलेले आकाश केवळ वियोगाचे नव्हते. ज्या आचाराला ती धर्म समजत आली, त्याच्याच मुळावर घाव पडला होता. काही वर्षे नाशिक-पंढरपुरास आप्तांच्या आश्रयाने काढून ती मुलासह नगरास पतीकडे गेली, ती आपली चूल आणि आपले पाणी वेगळे राखूनच. कोणी उपदेशक तिला जिंकू शकला नाही. जातिभेद माणसाने निर्माण केला की देवाने, हा प्रश्न तिने स्वतःच स्वतःला घातला. उत्तर मिळाले तेव्हा कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय केला, आणि 1900 साली तिने बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

पुढचे सारे त्याच चुलीभोवती घडले. टिळक भोळे आणि उदार. महिन्याची मिळकत वाटेतच वाटून टाकण्यात त्यांना दिक्कत वाटत नसे, आणि भेटेल त्या निराधार पोरास ते घरी घेऊन येत. त्या पोरांच्या पोटाचा बंदोबस्त मात्र लक्ष्मीबाईंना करावा लागे. बालकवी ठोमरेही या घरात काही काळ घरचेच होऊन राहिले. नगरास प्लेग आला तेव्हा, सख्खे आप्त सावलीस उभे राहीनात अशा रोग्यांची शुश्रूषा लक्ष्मीबाईंनी केली. ज्या घरात बाजारची वस्तूदेखील विटाळाची ठरे, त्या घरच्या लेकीने हे करावे, यातच तिच्या भक्तीची परीक्षा आहे. व्यासपीठावरून सेवाधर्म सांगणाऱ्या किती जणांस तीत उतरता आले असते?

टिळक 1919 साली वारले. त्यांनी आरंभिलेले ख्रिस्तचरित्राचे काव्य ‘ख्रिस्तायन’ प्रारंभीच्या अध्यायांपुढे गेले नव्हते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीच्या लहरीप्रमाणे धडे गिरवून जेमतेम लिहा-वाचावयास शिकलेल्या या विधवेने ते काम अंगावर घेतले आणि 64 अध्याय रचले. कराचीस मुलाच्या बिऱ्हाडी असताना, नातवंडांच्या गजबजाटात, हे लेखन चालू होते. ‘स्मृतिचित्रे’ तर मुलाने वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी मागितल्या म्हणून लिहिली गेली. तीत आपल्या सेवेचा उल्लेख लक्ष्मीबाई घरकामाच्या ओघात येईल तेवढाच करतात. म्हणूनच तो वाचकाच्या नजरेतून निसटतो, आणि ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावयाची ती तेवढ्यासाठी तरी सावकाश वाचली पाहिजे.