सामाईक आवार (गृहनिर्माण संस्था)

सामाईक आवार म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या (प्रचलित शब्द : सोसायटी) इमारतीभोवतीची, सर्व सभासदांच्या वापराची मोकळी जागा. अंगण, बाग, वाहनतळ, गटारे व कुंपण यांचा तीत समावेश होतो. ही जागा कोणा एकाची नसल्याने तिची निगा कोणी राखावी, यावरून रहिवाशांमध्ये वाद उद्भवतात.

मालकी

महाराष्ट्रात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका अधिनियम, १९६३ हे या विषयाशी संबंधित प्रमुख कायदे आहेत. दुसऱ्या कायद्यानुसार विकासकाने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देणे बंधनकारक आहे. या प्रक्रियेस अभिहस्तांतरण म्हणतात. ते न झाल्यास आवाराच्या देखभालीचा खर्च रहिवासी करतात, परंतु जमीन कागदोपत्री दुसऱ्याच्याच नावे राहते. त्यावर उपाय म्हणून मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद असून त्यासाठी संस्थेला जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद प्रकरणात, इमारतीखालील खांबांमधील वाहनतळाची जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय दिला.

जबाबदाऱ्यांची विभागणी

आदर्श उपविधींनुसार सामाईक भागांची देखभाल संस्था करते, तर सदनिकेच्या आतील दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करावयाची असते. माळी, सफाई कामगार व पहारेकरी यांचे वेतन सेवाशुल्कात मोडते. हे शुल्क सदनिकेच्या आकारमानानुसार नव्हे, तर सर्वांवर समान आकारले जाते. त्यामुळे तळमजल्यावरील सभासदाला दारासमोरील अंगणावर वेगळा हक्क मिळत नाही आणि वरच्या मजल्यावरील सभासदाला त्या खर्चातून सूटही मिळत नाही. आवारात शेड बांधणे किंवा कुंपण घालून जागा अडवणे हे अतिक्रमण ठरते. सभासद व संस्था यांच्यातील अशा वादांसाठी सहकारी न्यायालयात दाद मागता येते.

झाडे, कचरा व पाणी

खाजगी आवारातील झाड तोडण्यासही १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार ओला, सुका व घातक कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी प्रत्येक कुटुंबावर टाकण्यात आली. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागत असल्याने कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर व पिंपे आठवड्यातून एकदा कोरडी करणे आवश्यक असते. एका कुटुंबाच्या दुर्लक्षाचा परिणाम येथे संपूर्ण इमारतीवर होतो.

विठ्ठलवाडी व उल्हासनगर परिसर

विठ्ठलवाडी हे मध्य रेल्वेवर कल्याण व उल्हासनगर यांच्या दरम्यानचे स्थानक आहे. उल्हासनगर ही वस्ती दुसऱ्या महायुद्धकालीन लष्करी छावणीच्या जागी उभी राहिली. फाळणीनंतर तेथील बरॅकींमध्ये सिंधी निर्वासितांना आश्रय देण्यात आला आणि १९४९ मध्ये वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. एकेका बरॅकीत अनेक कुटुंबे राहत असल्याने मोकळ्या जागेचा सामाईक वापर येथे आरंभापासूनच होता. पुढे अनेक बरॅकींच्या जागी बहुमजली इमारती आल्या. शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्य शासनाने २००६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. जेथे जमिनीची मालकी किंवा बांधकामाची परवानगी स्पष्ट नसते, तेथे अभिहस्तांतरण अडते आणि आवाराची निगा प्रामुख्याने रहिवाशांच्या परस्पर सामंजस्यावर अवलंबून राहते.