चोवीस मिलिसेकंदांची लाट

बेस गिटारची सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली, की ती सेकंदाला ४१.२ वेळा हलते. एक हेलकावा पुरा व्हायला तिला २४ मिलिसेकंद लागतात. आकडा एवढासा दिसतो, पण आवाजाच्या जगात हा ऐसपैस काळ आहे. तेवढ्यात आवाज हवेतून सव्वाआठ मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे या स्वराची एक लाट सत्तावीस फूट लांब. माझी सरावाची खोली बारा फुटांची. तिथे बसून मी जो स्वर वाजवते त्याची एक लाटसुद्धा खोलीच्या दुपटीहून लांब असते, हे मला इतक्या वर्षांनंतरही थक्क करतं.

बेससाठी मल्टिइफेक्ट्स कोणता घ्यावा, आत काय कशाच्या आधी लावावं, असं नवे वाजवणारे विचारतात तेव्हा मी या चोवीस मिलिसेकंदांपासूनच सुरुवात करते. पायाखालच्या त्या पेटीत पन्नास-साठ इफेक्ट्स असतात, पण त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण या संथ लाटेशी कसा वागतो यावर तो बेसला शोभणार की नाही हे ठरतं.

आधी पेटीत शिरू. तारांखाली पिकअप असतो: चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की वेढ्यांत किंचित वीज उपजते. १८३१ साली मायकल फॅरेडेनं दाखवून दिलेलं हेच ते तत्त्व. ही वीज केबलमधून पेटीत जाते आणि तिथे तिची मोजणी सुरू होते, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा. ४८,००० धरले तर जाड तारेच्या एका हेलकाव्याचे ११६५ आकडे होतात. त्या क्षणापासून आवाज संपला, उरलं गणित. आवाज फाडणं, घुमवणं, खाली उतरवणं, हे सगळं त्या आकड्यांची बेरीज-गुणाकार आहे, आणि शेवटी आकड्यांची पुन्हा वीज होते. या सगळ्या उलाढालीला लागतात अवघे काही मिलिसेकंद. अँपपासून मीटर-दोन मीटर मागे सरकून उभं राहिलं तरी तेवढाच उशीर होतो.

आता फझ. गिटारवाल्यांची मिरास समजला जाणारा हा खरखरीत, फाटका आवाज गाजला तो एका बेसमुळे. १९६० साली अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स यांचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं ध्वनिमुद्रित होत होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते. त्यांचा आवाज ज्या वाटेनं मिक्सिंगच्या टेबलात जात होता तिथलं काहीतरी बिघडलं आणि सुरेल बेसऐवजी गुरगुरणारा, चिरफाळलेला आवाज आला. तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ मध्ये गाणं गाजलं. ध्वनिमुद्रण करणारे ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट बनवायला हातभार लावला. १९६२ मध्ये ते गिब्सन कंपनीच्या मॅस्ट्रो या नावाखाली पायानं दाबायच्या पेटीत विकायला आलं. एका तुटलेल्या वाटेतून पेडलची एक अख्खी जात जन्माला आली.

त्या बिघाडात नेमकं होतं काय? लाटेचे शेंडे कापले जातात. गोलाई गेली की लाटेला कोपरे येतात, आणि कोपऱ्यांची लाट म्हणजे मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे उपस्वर. ४१ च्या बरोबर ८२, १२४, १६५ आणि आणखी वर. आपल्याकडे ज्यानं तंबोरा लावला आहे त्याला हे अनोळखी नाही. घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा सरकवत एका जागी आणला की तार एकदम बोलू लागते, उपस्वरांचं झुंबर उजळतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये याचाच अभ्यास मांडला होता: तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू पडतो तो उपस्वर नियमानं उमटायला नको, पण तंबोऱ्यात तो ठणठणीत उमटतो. जवारी तारेला घोडीच्या पृष्ठभागाशी घासून, टेकवून उपस्वर देते. फझ विजेचे शेंडे कापून देतो. मिरजेतल्या तंबोऱ्याच्या कारागिराची कानस आणि नॅशव्हिलचं बिघडलेलं टेबल, दोघांनी सरळसाध्या लाटेला वळणं दिली.

या उपस्वरांमुळे बेसच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडते. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडूच शकत नाही. तरी आपल्याला बेसची चाल ऐकू येते, आणि तीही योग्य पट्टीत. कारण ८२, १२४, १६५ हे सगळे एकमेकांपासून ४१ च्या अंतरावर आहेत, आणि त्या अंतरांवरून आपला मेंदू नसलेला खर्ज स्वतः भरून काढतो. हवेत जो स्वर नाही तो आपण ऐकतो! म्हणून बेसला जरासा फाटलेपणा दिला की तो छोट्या स्पीकरवर, गर्दीच्या वाद्यमेळात अचानक स्पष्ट होतो. आवाज न वाढवता.

पण त्याची किंमत आहे. शेंडे कापले की उपस्वर वाढतात, त्यांच्या मानानं पायाचा स्वर आक्रसतो. शिवाय गिटारसाठी बनवलेली बरीच फझ सर्किटं खालचे स्वर आधीच गाळून टाकतात, कारण गिटारची जाड तार ८२ वरच थांबते. मग स्वतंत्र वाजवताना भन्नाट वाटलेला आवाज ड्रम्स सुरू होताच कागदासारखा पातळ होतो. यावरचा उपाय बीटल्सच्या ‘थिंक फॉर युवरसेल्फ’ या १९६५ च्या गाण्यात ऐकू येतो. त्यात पॉल मॅकार्टनींचे दोन बेस आहेत, एक स्वच्छ, एक फझमधला, आणि दोन्ही बरोबरीनं चालतात. आजच्या पेटीत याच गोष्टीला ब्लेंड म्हणतात: मूळ आवाजाची एक वाट तशीच राहू द्यायची आणि दुसरी फाडायची. पेटी निवडताना मी पहिल्यांदा ब्लेंड शोधते. ज्या पेटीच्या ड्राइव्हला, म्हणजे आवाज फाडणाऱ्या इफेक्टला, तो नाही, ती कितीही देखणी असो, बेससाठी मला अपुरी वाटते.

दोन वाटा मात्र एकाच पेटीत असाव्यात. एक आवाज सरळ मिक्सरला आणि दुसरा डिजिटल पेटीतून फिरून, असं केलं आणि दुसरा दोन मिलिसेकंद मागे पडला, तर २५० हर्ट्झच्या आसपास एका वाटेचा चढ आणि दुसरीचा उतार समोरासमोर येऊन एकमेकांना खोडतात. बेसचा मांसल भाग नेमका तिथेच. पेटीच्या आतला ब्लेंड दोन्ही वाटांना एका वेळेवर आणतो.

ऑक्टेव्हर हा माझा सर्वांत लाडका. १९८२ मध्ये बॉस कंपनीचा ओसी-२ आला, त्याच्या आतली युक्ती इतकी साधी आहे की समजल्यावर हसू फुटतं. लाट शून्याची रेषा ओलांडते तेव्हा तो मोजतो आणि दर दुसऱ्या वेळेलाच कळ फिरवतो. दिव्याचं बटण दोनदा दाबल्यावर दिवा एकदाच लागून विझतो, तसं. मोजणी निम्मी, वेग निम्मा, स्वर एक सप्तक खाली. पण बेसच्या तारेत दुप्पट वेगाचा उपस्वर पुष्कळदा पायाच्या स्वराहून जोरकस असतो. मग लाट मधेच आणखी एकदा रेषा ओलांडते आणि बिचाऱ्याची मोजणी चुकते, आवाज अडखळतो. टोनचं बटण उतरवलं, मानेकडचा पिकअप घेतला, पाचव्या फ्रेटच्या वर वाजवलं की तो सावरतो. आणि मोकळ्या जाड तारेचं निम्मं म्हणजे २०.६ हर्ट्झ, माणसाच्या कानाचा अगदी उंबरठा. तिथे ऐकायला फारसं काही उरतच नाही. स्वर ओळखून मगच काम करणाऱ्या सिंथसारख्या इफेक्टला तर किमान एक हेलकावा पाहावाच लागतो. म्हणजे आलेच चोवीस मिलिसेकंद. जाड तारेवर असा इफेक्ट किंचित आळशी वाटतो तो पेटी स्वस्त आहे म्हणून नव्हे. लाट पुरी होण्याआधी तिची लांबी कोणाला कळणार?

कॉम्प्रेसरचंही तसंच. तो ठरलेल्या पातळीवरचा जोर दाबतो. प्रमाण चारास एक असेल तर आठ डेसिबल वर गेलेला आवाज दोनच वर येतो. पण त्याची सोडण्याची वेळ एका हेलकाव्याहून कमी ठेवली, तर तो स्वराचा जोर सोडून एकेका लाटेलाच दाबत-सोडत बसतो आणि न मागितलेली खरखर येते. शंभर मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, तो निवांत होतो.

राहिला एन्व्हलप फिल्टर, ज्याचा ‘व्वाँव’ आवाज बूट्सी कॉलिन्स यांच्या बेसमुळे जगभर गेला. १९७२ च्या म्यू-ट्रॉन थ्री या पेडलमधला हा फिल्टर बोटाचा जोर वाचतो: जोरात छेडलं की तो अधिक उघडतो, हळू छेडलं की कमी. त्याच्या आधी कॉम्प्रेसर लावला तर सगळे स्वर एका उंचीचे होऊन येतात आणि त्याला वाचायला काही उरत नाही.

जोडणीचा क्रम असा आपोआप उलगडतो. ज्या इफेक्टला बोटं वाचायची आहेत तो सर्वांत आधी, म्हणजे फिल्टर. मग कॉम्प्रेसर, मग स्वच्छ लाट मोजू पाहणारा ऑक्टेव्हर, मग लाट मोडणारा ड्राइव्ह, मग इक्वलायझर. कोरस, डिले, रिव्हर्ब शेवटी, आणि त्यांतून खालचे स्वर गाळून. नाहीतर घुमणाऱ्या खर्जाचा चिखल होतो. हा क्रम मोडून पाहण्यातही मजा आहे, फझनंतर फिल्टर लावला तर त्याला चावायला भरपूर उपस्वर मिळतात. काय मोडतोय हे ठाऊक असलं की झालं.

पेटीतून बाहेर पडताना सर्वांत जास्त चुका होतात. बेसच्या स्पीकर-कॅबिनेटमधून फार वरचे स्वर नीट बाहेर येत नाहीत, आणि आपल्या कानांना बेसचा म्हणून जो आवाज माहीत आहे तो असा गाळलेलाच असतो. पेटीतलं कॅबिनेटचं सोंग ते गाळण करतं. थेट मिक्सरला किंवा हेडफोनला जोडताना ते हवंच. पण बेसच्या अँपला जोडताना बंद करा, नाहीतर कॅबिनेटमधून कॅबिनेट ऐकल्यासारखा दबका आवाज येतो. मंचावर साउंडवाला डीआय, म्हणजे थेट मिक्सरला जाणारा आवाज, मागेल. पेटीला तीन पिनांचा एक्सएलआर आउट असेल तर तोच द्या. त्यात एकच आवाज सुलट आणि उलट अशा दोन तारांतून जातो, पलीकडे वजाबाकी होते आणि वाटेत शिरलेली गुणगुण आपसूक वजा होते. तरी घूं घूं राहिली तर ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून पाहा. अँपचा स्पीकर आउट मात्र चुकूनही पेटीच्या तोंडात घालू नका, पेटी जळेल.

विजेचं थोडक्यात. बहुतेक पेट्यांना ९ व्होल्ट लागतात, मधलं टोक ऋण. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, करंटची क्षमता जास्त चालते, कमी नाही. साध्या पेडलला थोडे मिलिअँपिअर पुरतात, पण लाइन सिक्सच्या एचएक्स स्टॉम्पसारख्या पेटीचा अडॉप्टर ३ अँपिअरचा आहे; इतकं गणित फुकट होत नाही. एकाच अडॉप्टरवर डिजिटल पेटी आणि जुना पेडल लावला की बारीक शिट्टी ऐकू येऊ शकते. एक पावसाळाभर मी तो दोष केबलमध्ये शोधत होते.

आणि निवड? झूमची बी-वन फोर, बॉसची जीटी-वन-बी या छोट्या पेट्या चार पेन्सिल सेलवरही चालतात, आणि शिकणाऱ्याला त्यांत वर्षं जातील इतकं सापडतं. मोठी पेटी घ्यायची ती जास्त इफेक्ट्ससाठी नव्हे; समांतर वाटा, एक्सएलआर आउट आणि वाजवताना पायाला सहज मिळणारी बटणं यांसाठी. दुकानात जाताना स्वतःचा बेस न्या. हेडफोन लावा, तयार पॅच, म्हणजे आधीच जुळवून दिलेले आवाज, सगळे बंद करा आणि मोकळी जाड तार वाजवून ऐका. पाच तारांचा बेस असेल तर खालचा बी वाजवा, तो ३१ हर्ट्झच्याही किंचित खाली आहे. पेटी चालू-बंद करताना खालचा आवाज जागेवर राहतो का? मग ड्राइव्ह लावा, ब्लेंड फिरवा, पुन्हा ऐका. शंभर इफेक्ट्सच्या यादीपेक्षा या दहा मिनिटांत जास्त कळतं.

घरी आणल्यावर खोलीच्या कोपऱ्यात बसून मात्र पॅच पक्का करू नका. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झची लाट अडकते, म्हणजे जाड तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरच्या एफ शार्पच्या अगदी जवळची. भिंतीपाशी तो स्वर ढोलासारखा उसळतो, खोलीच्या मधोमध आला की जवळपास गायब. माझ्या खोलीत कोपऱ्यात बसून मी तो स्वर इक्वलायझरनं बराच कापला होता. मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमात लांब केबल घेऊन मंचाखाली उतरले, वीस पावलं पुढे गेले आणि तोच एफ शार्प वाजवला. तो फिका, खचलेला ऐकू आला. मंचावर परतून, खाली वाकून कापलेलं परत दिलं, पुन्हा तार छेडली, आणि या वेळी लाट भिंतीला न अडता पुढे निघून गेली.