निकालाशिवाय इनाम कशाला?

मंडळी, जत्रेची वर्गणी तुम्ही देता, मग फडावरची कुस्तीही डोळे उघडे ठेवून पाहा. हलगी कडाडली की आधी बारकी पोरं मातीत उतरतात. रेवड्या-नारळावर लढतात, पण कशी जीव तोडून! मोठ्या इनामाच्या जोडीत मात्र कधी कधी नुसती खडाखडी चालते. अर्धा तास मानेवर हात, मग पंच सोडवतात आणि इनाम निम्मं-निम्मं. हीच ती नुरा कुस्ती. जत्रेच्या फडात सहसा गुण मोजत नाहीत. पाठ लागली की निकाल. म्हणून जत्रा कमिटीने जोड ठरवतानाच सांगावं, कुस्ती निकाली, बरोबरीला इनाम नाही.

वाचलेला पैसा पोरांकडे वळवा. तालमीतल्या पोराचा दूध, तूप, बदामाचा खुराक बापाच्या म्हशीवर नाहीतर उसनवारीवर चालतो. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलेले खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचेच, अशाच मातीतले.

सरपंच, पोलीस पाटील वर्गणीच्या बैठकीला बसतील तेव्हाच हा विषय काढा. फडात बसून ओरडलात तर हलगीपुढं कुणाला ऐकू जाणार?