पुढचे चाक घसरणे (मोटारसायकल शर्यत)

मोटारसायकल झुकवून वळण घेत असताना पुढच्या टायरची रस्त्यावरील पकड सुटणे आणि ते चाक वळणाच्या बाहेरच्या बाजूस सरकू लागणे, या घटनेला पुढचे चाक घसरणे असे म्हणतात. बंदिस्त ट्रॅकवरील शर्यतींत व सरावांत स्वार पडण्याच्या प्रमुख कारणांपैकी हे एक आहे. मागचे चाक घसरले तर सावरण्यास थोडी उसंत मिळते. पुढचे चाक घसरले तर ती बहुधा मिळत नाही. अशा वेळी माणूस सहजप्रवृत्तीने जे करतो, म्हणजे हँडल आवळणे, ब्रेक दाबणे, थ्रॉटल एकदम बंद करणे, त्याने घसरण थांबण्याऐवजी वाढते. म्हणून या घसरणीवरील उपाय हे मुख्यतः आधीच अंगी बाणवलेल्या सवयींवर अवलंबून असतात.

पकडीचा हिशेब

धावत्या मोटारसायकलचा रस्त्याशी संबंध येतो तो दोन टायरांच्या जेमतेम तळहाताएवढ्या दोन ठशांपुरताच. वेग कमी करणे, वेग वाढवणे आणि दिशा बदलणे ही तिन्ही कामे या ठशांतील घर्षणानेच होतात.

वळणाला लागणारे पार्श्वबल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ८० किलोमीटर वेगाने घेताना मोटारसायकल व स्वार यांना मिळून सुमारे ४५ अंश झुकावे लागते. त्या वेळी टायरांवर येणारे पार्श्वबल साधारण त्यांच्या एकूण वजनाइतके असते. हाच वेग ताशी ८४ किलोमीटर, म्हणजे केवळ ५ टक्क्यांनी अधिक केला, तर पार्श्वबल सुमारे १० टक्क्यांनी वाढते. पकडीच्या सीमेवर असलेल्या टायरला एवढी वाढ पुरेशी ठरते.

टायरची एकूण क्षमता ब्रेक आणि वळण यांत वाटली जाते. ही वाटणी सरळ वजाबाकीची नसून वर्तुळाच्या नियमाने होते. वळणासाठी क्षमतेच्या ८० टक्के पकड खर्च होत असेल, तर ब्रेकसाठी सुमारे ६० टक्के उरते. वळणालाच १०० टक्के लागत असेल, तर ब्रेकसाठी काहीच उरत नाही. म्हणून कुशल स्वार सरळ रेषेत असताना ब्रेक जोरात लावतात आणि मोटारसायकल जसजशी झुकते तसतसा तो हळूहळू सोडत जातात. या पद्धतीला ट्रेल ब्रेकिंग असे नाव आहे.

टायरची क्षमता स्थिर नसते. त्यावरील भारानुसार ती बदलते. ब्रेक लावल्याने भार पुढे येतो व पुढच्या टायरची पकड वाढते. थ्रॉटल उघडल्याने भार मागे जातो व पुढचा टायर हलका होतो. त्यामुळे पुढच्या चाकावर काम फार पडणे आणि भार फार कमी असणे, या दोन्ही टोकांना घसरण संभवते.

पुढच्या व मागच्या घसरणीतील फरक

दुचाकीचा तोल चाके सतत गुरुत्वमध्याच्या खाली आणत राहून राखला जातो आणि हे काम मुख्यतः पुढचे चाक करते. मागचे चाक बाहेर सरकले तरी पुढचे चाक आपोआप घसरणीच्या दिशेस वळते आणि तोल काही अंशी सावरला जातो. पुढचे चाकच सरकू लागले की तोल सावरण्याचे साधनच हातून जाते. झुकाव वाढतो, चाक आतल्या बाजूस दुमडल्यासारखे वळते आणि मोटारसायकल वळणाच्या आतल्या कुशीवर आडवी होते. अशा पडण्यास लो-साइड म्हणतात. ब्रेकमुळे चाक फिरायचेच थांबले असेल, तर ही सारी क्रिया निमिषार्धात घडते.

घसरणीची पहिली खूण हातांना कळते. हँडलचा नेहमीचा प्रतिरोध नाहीसा होतो व ते हलके लागते. त्याच वेळी मोटारसायकल ठरलेल्या मार्गावरून किंचित बाहेर जाऊ लागते. हँडल आवळून धरणाऱ्या स्वाराला ही खूण जाणवत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या स्नायूंचा ताण टायरकडून येणारा संदेश झाकून टाकतो.

वळणाचे तीन टप्पे व उपाय

पुढच्या चाकाच्या घसरणीवर सर्व परिस्थितींत लागू पडेल असा एकच उपाय नाही. ती वळणाच्या कोणत्या टप्प्यावर झाली, यावर योग्य प्रतिसाद अवलंबून असतो.

प्रवेश: येथे घसरण बहुधा ब्रेक व झुकाव यांची बेरीज क्षमतेपलीकडे गेल्याने होते. ब्रेकवरील दाब त्वरेने पण सलगपणे कमी करणे आणि झुकाव आणखी न वाढवणे, हा येथील उपाय होय. ब्रेक एका झटक्यात सोडल्यास पुढचे दबलेले फोर्क उसळतात, पुढच्या चाकावरील भार अचानक घटतो आणि उरलेली पकडही जाते.

मध्य: ब्रेक सुटलेला आहे, थ्रॉटल बंद आहे आणि झुकाव कमाल आहे, अशा अवस्थेत इंजिनाच्या रोधामुळे वेग घटत असतो आणि पुढच्या टायरवर प्रमाणाबाहेर काम पडते. येथे थ्रॉटल अगदी अलगद उघडल्यास भार मागे सरकतो व पुढच्या टायरचे काम हलके होते. अमेरिकी प्रशिक्षक कीथ कोड यांनी ‘अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट’ या ग्रंथाच्या १९९३ मधील दुसऱ्या भागात वळणात पुढे सुमारे ४० व मागे ६० टक्के भार असावा असे प्रतिपादन केले आहे. रुंद मागच्या टायरने अधिक वाटा उचलावा, हे त्यामागील तत्त्व आहे.

निर्गम: वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल अधिक उघडले व झुकाव तसाच राहिला, तर पुढचे चाक हलके होऊन बाहेर ढकलले जाते. येथे उपाय मध्यभागाच्या नेमका उलट असतो: थ्रॉटल किंचित कमी करणे आणि मोटारसायकल उभी करत नेणे. येथेही थ्रॉटल एकदम बंद करणे घातक ठरते.

तिन्ही टप्प्यांना समान असलेले नियम थोडे आहेत. हात सैल ठेवावेत, शरीराचा आधार बाहेरच्या मांडीने टाकीवर व पायाने फूटपेगवर घ्यावा, नजर वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर ठेवावी आणि कोणतीही क्रिया झटक्याने करू नये. मोटारसायकलच्या पुढच्या भागाची रचनाच अशी असते की टायर रस्त्याला जेथे टेकतो ती जागा हँडलच्या अक्षरेषेच्या मागे राहते. शर्यतीच्या धर्तीच्या मोटारसायकलींत हे अंतर साधारणतः १०० मिलिमीटरच्या आसपास असते. या अंतरामुळे चाक स्वतःच योग्य दिशा शोधते. आवळलेले हात त्याला ती मोकळीक देत नाहीत.

व्यावसायिक स्वार याखेरीज गुडघा किंवा कोपर जमिनीवर रेटून झुकाव वाढू देत नाहीत. जमिनीचा हा आधार क्षणभरासाठी वजनाचा काही भाग पेलतो आणि टायरला पुन्हा पकड मिळण्यास अवसर देतो.

टायरचे तापमान व दाब

शर्यतीचे टायर ठरावीक तापमानातच पूर्ण पकड देतात. त्यामुळे ते ट्रॅकवर जाण्यापूर्वी विजेच्या आवरणांनी तापवून ठेवतात. तरीही टायरची एखादी बाजू थंड राहू शकते. जर्मनीतील साक्सनरिंग या ट्रॅकवर १३ वळणांपैकी १० डावी व केवळ ३ उजवी आहेत. डाव्या वळणांच्या लांब मालिकेनंतर येणारे अकरावे वळण उजवे व उतारावरचे असून, तोवर टायरची उजवी बाजू निवलेली असते. हे वळण पुढचे चाक घसरून पडण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. अशा ट्रॅकसाठी दोन बाजूंना वेगवेगळे रबर असलेले टायर वापरले जातात.

उलटपक्षी, दुसऱ्या मोटारसायकलच्या अगदी मागे धावताना पुढचा टायर जास्त तापतो, त्यातील दाब वाढतो आणि पकड घटते. दुसरीकडे, दाब फार कमी ठेवणे टायरच्या सुरक्षिततेला बाधक असते. मोटोजीपी स्पर्धेत पुढच्या टायरसाठी ठरवलेली किमान दाबाची मर्यादा २०२३ मध्ये १.८८ बार होती. २०२४ मध्ये ती १.८ बार करण्यात आली.

इलेक्ट्रॉनिक साहाय्य

ट्रॅक्शन कंट्रोल ही प्रणाली इंजिनाची शक्ती आवरून मागच्या चाकाचे घसरणे नियंत्रित करते. पुढच्या चाकाची पकड सुटल्यास तिचा थेट उपयोग होत नाही. २०१३ मध्ये बॉश कंपनीची, झुकावाचे मापन करून वळणातही ब्रेकचा दाब नियंत्रित करणारी प्रणाली केटीएमच्या मोटारसायकलवर उपलब्ध झाली. ब्रेकमुळे होणारी घसरण तिने बरीच टळते. परंतु अतिवेग, अतिझुकाव किंवा थंड टायर यांवर तिचा इलाज नाही. मोटोजीपीमध्ये अँटिलॉक ब्रेक वापरण्यास परवानगी नाही.

उल्लेखनीय प्रसंग

स्पॅनिश स्वार मार्क मार्केझ हा पुढचे चाक घसरल्यावरही सावरण्यासाठी विशेष ओळखला जातो. १२ नोव्हेंबर २०१७ रोजी वॅलेन्सिया येथील हंगामाच्या अखेरच्या शर्यतीत आघाडीवर असताना पहिल्या वळणावर त्याचे पुढचे चाक सुटले. जवळजवळ आडवी झालेली मोटारसायकल त्याने गुडघा व कोपर यांच्या आधाराने उभी केली आणि खडीच्या पट्ट्यातून ती पुन्हा ट्रॅकवर आणली. त्या शर्यतीत तिसरा येऊन त्याने विश्वविजेतेपद निश्चित केले. तोच मार्केझ २०२३ मध्ये साक्सनरिंग येथे एकाच आठवडाअखेरीस पाच वेळा पडला व मुख्य शर्यतीत उतरू शकला नाही. सावरण्याचे कौशल्य कितीही असले तरी ते हमखास नसते, हे या दोन घटना एकत्र पाहता लक्षात येते.

पकड परत मिळणे हेही नेहमी हितकारक नसते. २३ ऑक्टोबर २०११ रोजी मलेशियातील सेपांग येथे इटालियन स्वार मार्को सिमोनचेली याची मोटारसायकल अकराव्या वळणावर घसरू लागली; परंतु टायरांना पुन्हा पकड मिळाल्याने ती बाहेर न जाता ट्रॅक ओलांडून आत वळली आणि मागून येणाऱ्या दोन स्वारांच्या मार्गात आली. या अपघातात सिमोनचेलीचा मृत्यू झाला.

पडल्यानंतरची दक्षता

मोटारसायकल सावरत नाही असे स्पष्ट झाल्यावर ती सोडून देणे अधिक सुरक्षित मानले जाते. ट्रॅकच्या बाहेरील मोकळी जागा व खडीचे पट्टे घसरत जाणाऱ्या स्वाराचा वेग कमी करण्यासाठीच राखलेले असतात. पूर्ण थांबल्याची खात्री होण्यापूर्वी उठू नये, असे प्रशिक्षणात आवर्जून शिकवतात. कारण घसरत असताना स्वाराला स्वतःचा वेग प्रत्यक्षाहून कमी भासतो. मोटोजीपीमध्ये २०१८ पासून एअरबॅग असलेला पोशाख सक्तीचा आहे.

ट्रॅक आणि सार्वजनिक रस्ता

वर दिलेली तंत्रे ट्रॅकपुरती आहेत. भारतात चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरजवळील कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट येथे मोटारसायकल शर्यती झाल्या आहेत. अशा ठिकाणी वाहतूक एकाच दिशेने असते आणि पडणाऱ्यासाठी मोकळी जागा राखलेली असते. घाटातील वळणावर बारीक खडी, सांडलेले तेल किंवा पावसाळ्यातील शेवाळ पुढच्या चाकाखाली कधी येईल हे सांगता येत नाही, आणि घसरलेल्या स्वाराच्या वाटेत कठडा, दरी किंवा समोरून येणारे वाहन असते. तेथे सावरण्याच्या कौशल्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. वळणाआधीच वेग कमी करणे व पकडीचा पुरेसा भाग शिल्लक ठेवणे, हाच तेथील खरा उपाय होय.